पेशंट रोजची गोळी मनापासून घेईल यासाठी काय करायचं

बीपी, शुगरच्या गोळ्या वर्षानुवर्षं घ्यायच्या असतात आणि त्रास तर काहीच जाणवत नसतो, मग माणूस हळूहळू सोडतोच. डब्ल्यूएचओच्या 2003 च्या रिपोर्टप्रमाणे विकसित देशांतसुद्धा दीर्घकाळची औषधं नीट घेणारे सरासरी 50 टक्केच. नुसतं घाबरवून फार दिवस चालत नाही.

त्यापेक्षा आधी विचारा, तुम्हाला आयुष्यात सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं? आणि मग गप्प बसा, खरंच गप्प बसा, उत्तर आपण सुचवायचं नाही. कुणी म्हणेल नातवंडांना खेळवायचंय, कुणाला शेवटपर्यंत कुणावर अवलंबून राहायचं नाहीये. मग पुढचा प्रश्न, "या गोळीचा त्याच्याशी काही संबंध वाटतो का?" हा संबंध त्यांनी स्वतःच्या तोंडाने जोडला पाहिजे, आपण जोडून दिला की ते पुन्हा लेक्चरच होतं. मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी 1983 मध्ये मांडलेल्या मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग या समुपदेशनाच्या पद्धतीतही (बदलायची कारणं माणसाच्याच तोंडून यावीत असं बोलणं) भर यावरच आहे.

त्यांचेच शब्द गोळ्यांच्या डबीवर लिहायला सांगा. पण चक्कर येते, खर्च झेपत नाही अशी अडचण असेल तर आधी ती सोडवा, डोस बदलायचा तर डॉक्टरांशी बोलूनच. आणि दरडावू नका हो, "या आठवड्यात किती वेळा राहून गेली?" असं सहज विचारलं की लोक खरं सांगतात.