आधी दिवा बंद करायला शिका

होम ऑटोमेशन, म्हणजे घरातले दिवे-पंखे नियम लावून आपोआप चालवणं, शिकायचंय म्हटलं की बहुतेक जण आधी खरेदीला लागतात. हब (सगळी उपकरणं जोडणारा डबा) कुठला घ्यावा, झिगबी (अशा उपकरणांसाठीचं बिनतारी तंत्र) बरं की वायफाय, आता मॅटर हे सामायिक मानक आलंय तर थांबावं का... माझ्याकडे कोणी विचारायला आलं तर मी एक मोशन सेन्सर (हालचाल टिपणारा) आणि एक दिवा, एवढंच घ्यायला लावते. दिवा पॅसेजमधला. अख्खं घर एकदम जोडलं की कुठे काय बिघडलंय तेच कळत नाही.

मी होम असिस्टंट वापरते. 2013 पासून चालू असलेली ही ओपन सोर्स सिस्टिम पायथनमध्ये लिहिलेली आहे आणि घरातल्याच छोट्या कॉम्प्युटरवर चालते. रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा कॉम्प्युटर चालतो, कपाटात पडून असलेला जुना लॅपटॉपही चालतो. सेन्सर आणि दिवा झिगबीचे असतील तर इंटरनेट गेलं तरी पॅसेजचं काही अडत नाही. इन्स्टॉल कसं करायचं ते इथे लिहीत नाही. स्क्रीनवर सांगतात तसं करत गेलं की होतं.

स्क्रीन उघडण्याआधी कागदावर साध्या मराठीत एक वाक्य लिहा: ‘अंधार असताना कोणी पॅसेजमध्ये आलं तर दिवा लाव.’ ‘कोणी आलं’ हा ट्रिगर, ‘अंधार असताना’ ही कंडिशन, ‘दिवा लाव’ ही अ‍ॅक्शन. ट्रिगर म्हणजे काहीतरी घडणं. कंडिशन म्हणजे त्या क्षणाची परिस्थिती. हा फरक डोक्यात पक्का बसू द्या. ‘तापमान 28 च्या वर’ असा ट्रिगर लावला तर पारा 27.9 वरून 28.1 वर जाताना तो एकदाच लागतो. खोली आधीपासूनच 30 वर असेल तर नियम ढिम्म हलत नाही, आणि लोक बिचाऱ्या सेन्सरच्या नावाने बोटं मोडतात.

दिवा लावणं सोपं असतं. डोकं लागतं ते बंद करायला. ‘हालचाल थांबली की बंद कर’ असं लिहिलंत तर चप्पल शोधत शांत उभ्या असलेल्या माणसावर अंधार पडेल, कारण हा सेन्सर माणूस ओळखत नाही, त्याला फक्त हलणारी उष्णता दिसते. म्हणून ‘हालचाल थांबून तीन मिनिटं झाली की बंद कर’. ही तीन मिनिटं मोजली जात असताना दुसरं कोणी आलं तर? इथे ऑटोमेशनचा, म्हणजे या नियमाचा, मोड बघावा लागतो; नियम चालू असताना पुन्हा ट्रिगर लागला तर काय करायचं ते तो ठरवतो. लावणं, थांबणं आणि बंद करणं एकाच ऑटोमेशनमध्ये असेल तर ‘रीस्टार्ट’ निवडा: नवी हालचाल दिसली की जुनी मोजणी रद्द होऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. काहीच निवडलं नाही तर मोड ‘सिंगल’ असतो, त्यात मधली हालचाल सरळ दुर्लक्षित होते.

अंधार ओळखायला सुरुवातीला सूर्यास्ताची वेळ पुरते. प्रकाश मोजणारा सेन्सर लावणार असाल तर एक गंमत लक्षात ठेवा: दिवा लागला की त्याचाच उजेड सेन्सरवर पडतो. त्या आकड्यावर दिवा बंद करायचा नियम लिहिलात तर दिवा डोळे मिचकावत बसेल.

आता घरातल्यांचा प्रश्न. आई मुद्दाम दिवा लावून काही शोधत असेल आणि तुमच्या नियमाने तो विझवला, तर चूक आईची नाही. एक टॉगल हेल्पर (सिस्टिममधलं नुसतं चालू-बंद होणारं बटण) करा, ‘पॅसेज हाताने’ असं नाव द्या आणि तो चालू असेल तर ऑटोमेशन चालू नये अशी कंडिशन घाला. तो चालू-बंद करायला भिंतीवर बिनतारी बटण हवंच. त्यासाठी आईला मोबाइल शोधायला लावणं मला तरी पटत नाही.

हे सगळं क्लिक करून होतं, पण यामलमध्येही, म्हणजे नियमाच्या मजकुराच्या रूपातही, उघडून बघा. इंडेंट (ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा) स्पेसने द्या, टॅब चालत नाही. ऑन आणि ऑफ या अवस्था अवतरणचिन्हांत लिहा, नाहीतर यामल त्यांना खरं-खोटं समजतं. काही बिनसलं तर लगेच कोड बदलू नका, आधी ट्रेस, म्हणजे नियम कसा चालला त्याची नोंद, उघडा. कुठला ट्रिगर लागला, कुठल्या कंडिशनवर गाडी अडली, सगळं तिथे आकृतीत दिसतं. मोजणी चालू असताना सिस्टिम रीस्टार्ट झाली तर ती मोजणी पुसली जाते आणि दिवा जळत राहतो. त्यासाठी सिस्टिम सुरू होताना पॅसेज रिकामा असेल तर दिवा बंद करणारा एक छोटा नियम वेगळा लिहा.

पॅसेज मार्गी लागला की पंखा घ्या. तो 28 ला चालू करा आणि 26 ला बंद. दोन्हीकडे एकच आकडा ठेवलात तर पंखा सतत चालू-बंद होत राहील.