'पस्तीस टाक' म्हणण्याआधी: टायरच्या हवेतल्या या चुका टाळा

पेट्रोल पंपावर हवेच्या कोपऱ्यात गाडी लावली की नळी धरून उभा असलेला पोरगा विचारतो, "किती टाकू?" आणि आपल्यातले निम्मे लोक त्यालाच उलट विचारतात, "किती टाकतात?" मग तो म्हणतो, पस्तीस. छोटी हॅचबॅक असो की सात जणांची एसयूव्ही, पस्तीस. मीही कित्येक वर्षं पस्तीसच भरत होतो. टायर बदलायला गेलो तेव्हा दुकानदाराने जुना टायर आडवा पाडून दाखवला. मधली पट्टी झिजलेली आणि दोन्ही कडांची नक्षी बऱ्यापैकी शाबूत. माझ्या गाडीचा आकडा तीस होता. तो कुठे लिहिलाय हे मला त्या दिवशी कळलं. ड्रायव्हरचं दार उघडलं की जो खांब दिसतो, ज्याला धरून मी रोज उतरत होतो, त्याच खांबावरच्या स्टिकरवर.

तो स्टिकर काही गाड्यांत पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला असतो, आणि गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत हाच तक्ता मिळतो. तो नीट वाचा, कारण त्यात बहुतेकदा एकापेक्षा जास्त आकडे असतात. पुढच्या आणि मागच्या चाकांचा आकडा वेगळा असू शकतो. दोन-तीन माणसांसाठी एक रकाना आणि भरलेल्या गाडीसाठी दुसरा असतो. पाच माणसं आणि डिकी भरून लग्नाला निघालात तर मागच्या चाकांना बरीच जास्त हवा लागू शकते, आणि नेमकी तेव्हाच आपण ती भरत नाही. चाकं पुढची मागे, मागची पुढे अशी फिरवून घेतली असतील तर हवाही नव्या जागेप्रमाणे पुन्हा लावून घ्या. पंपावरचा पस्तीस हा पीएसआयमधला, म्हणजे हवेचा दाब मोजायच्या एककातला आकडा असतो. स्टिकरवर आकडा केपीए या दुसऱ्या एककात असेल तर पीएसआयसाठी ६.९ ने भागा, बारमध्ये असेल तर १४.५ ने गुणा. २३० केपीए म्हणजेच २.३ बार, म्हणजे साधारण ३३ पीएसआय.

स्टिकर सापडत नाही म्हणून काही जण टायरवरचा आकडा वाचतात. तिथे ४४ किंवा ५१ पीएसआय असं कोरलेलं असतं. तो त्या टायरची कमाल मर्यादा सांगतो. तोच टायर चार वेगळ्या गाड्यांना बसतो, त्यामुळे तुमच्या गाडीचं वजन त्याला ठाऊक असण्याचं कारण नाही. ५१ भरून गाडी चालवली तर खड्डा थेट पाठीत जाणवतो आणि ब्रेक दाबल्यावर रस्त्यावरची पकड कमी पडते.

आता सगळ्यात हट्टी गैरसमज. "उन्हाळा आहे, हवा जरा कमीच ठेवा, नाहीतर टायर फुटेल." हे सांगणारा माणूस प्रत्येक घरात एक तरी असतोच, आणि तो वयाने मोठा असल्यामुळे कोणी वाद घालत नाही. पण होतं ते उलट. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते, पुन्हा सरळ होते, आणि या सततच्या वाकण्यातून उष्णता तयार होते. वेग वाढला की ती आणखी वाढते. ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला, तिथे कारला ताशी १२० ची मुभा आहे. पूर्वी मधल्या गावांत, टपऱ्यांवर, फाटकाशी टायरला आपोआप विसावा मिळायचा, तो तिथे मिळत नाही. मे महिन्यातल्या दुपारी, सिमेंटच्या रस्त्यावर, २४ पीएसआयवर तासभर १२० ने पळणारा टायर आतून भाजत असतो. हवा स्टिकरप्रमाणे असेल तर चालताना आकडा चार-पाचाने चढतो. तेवढं धरूनच कंपनीने तो ठरवलेला असतो. म्हणून मध्येच थांबून "वाढलीय, थोडी काढ" असं सांगू नका. टायर गार झाला की ती हवा कमी पडते.

याच कारणाने हवा मोजायची ती थंड टायरमध्ये. थंड म्हणजे गाडी किमान तीन तास उभी, किंवा फार तर दीड-दोन किलोमीटर चाललेली. पंप लांब असेल तर सोपी युक्ती आहे. सकाळी घरीच स्वतःच्या गेजने मोजा. लागतात ३२, दिसतात २८, म्हणजे तूट चारची. पंपावर पोचेपर्यंत टायर तापून ३१ दाखवेल, तेव्हा ३५ करून घ्या. (बघा, पस्तीस कधीतरी बरोबरही येतो.) घरचा गेज यासाठीही हवा की पंपावरच्या प्रत्येक यंत्राचा काटा खरा असेलच असं नाही. दोन पंपांवर मला एकाच टायरचे तीन पीएसआयच्या फरकाने आकडे मिळाले आहेत.

गळती नसतानाही हवा कमी होते. तापमान दहा अंशांनी उतरलं की साधारण दीड पीएसआय जातो. नागपुरात मे महिन्यात पहाटे ३० अंशांना ३३ भरले आणि डिसेंबरात सकाळी १२ अंश असले, तर काट्यावर तीसच दिसतील. शिवाय रबरातून महिन्याला एखादा पीएसआय झिरपतोच. थंडीच्या सकाळी डॅशबोर्डवर टायरचा दिवा लागून थोड्या वेळाने विझतो तो बहुधा यामुळे. विझला म्हणून सोडून देऊ नका, हवा भरा. काही गाड्यांत चाकात सेन्सर नसतो. एबीएसकडून (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) चाकांच्या फिरण्याचा वेग घेऊन अंदाज बांधला जातो. तिथे हवा भरल्यावर रीसेटचं बटण दाबावं लागतं.

नायट्रोजन? साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच. झिरपतो थोडा सावकाश, पण म्हणून महिन्याची तपासणी चुकत नाही. गरज पडली तर त्यात साधी हवा बिनधास्त मिसळा.

एकच टायर आठवड्याला तीन-चार पीएसआय खात असेल तर साबणाचं पाणी लावून बघा. आधी व्हॉल्वच्या तोंडाशी बघा. पंक्चरवाला तिथे थुंकी लावून बुडबुडा बघतो, तेच तत्त्व. तिथे बुडबुडे आले तर पिन घट्ट करून किंवा बदलून काम होतं. मग नक्षीत रुतलेला खिळा शोधा. ट्यूबलेसमध्ये तो महिनोन्‌महिने बसून राहतो. शेवटी रिमची कड बघा, खड्ड्यात आपटून अलॉयची रिम वाकली असेल तर हवा तिथून जाते. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मध्य झिजला तर जास्त. एकच कड झिजली असेल तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन सरळ, करून घ्या, तिथे हवा भरून काही होणार नाही.

आणि स्टेपनी. हा शब्द वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला, तिथे ही जादा चाकं बनत. पंपावरचा पोरगा तिच्याबद्दल विचारत नाही, कारण ती सामानाखाली असते. पूर्ण आकाराची असेल तर स्टिकरवरचा सगळ्यात मोठा आकडा भरा, हव्या त्या जागी लावताना कमी करता येतो. बारीक, तात्पुरती असेल तर तिच्यावरच ६० पीएसआय किंवा ४२० केपीए आणि ताशी ८० ची मर्यादा असं काहीतरी लिहिलेलं सापडेल. हे बॅगा भरायच्या आदल्या दिवशी बघा.