आवाज गेला की लगेच ड्रायव्हर बदलता? डेस्कटॉपवर या चुका टाळा

माझी मावशी दर शनिवारी संध्याकाळी पेटीची ऑनलाइन शिकवणी घेते. दोन विद्यार्थिनी न्यू जर्सीत, एक नाशिकला. एका शनिवारी साडेसहाला तिचा फोन आला, "अरे, कॉम्प्युटर मुका झालाय. मुली ताटकळल्यात." मी पोहोचेपर्यंत शेजारच्या मुलाने मदत म्हणून नेटवरून एक 'ड्रायव्हर अपडेटर' उतरवून चालवलाही होता. त्याने एका दमात अकरा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला एकेक उपकरण चालवायला लावणारे छोटे प्रोग्रॅम, बदलले. आवाज तर आला नाहीच, वर माइक गेला आणि ब्राउझर उघडला की भलतंच पान येऊ लागलं.

मूळ बिघाड एवढाच होता: आदल्या दिवशी तिने नवा मॉनिटर घेतला होता. तो एचडीएमआय केबलने जोडल्याबरोबर विंडोजने त्यालाच स्पीकर समजून आवाज तिकडे वळवला, आणि त्या मॉनिटरला स्पीकरच नव्हते. दोन क्लिकचं काम. पण अपडेटरने घातलेला घोळ निस्तरता निस्तरता रात्रीचे अकरा वाजले आणि त्या दिवशीची शिकवणी बुडाली.

तेव्हापासून कोणी "साउंडचा ड्रायव्हर टाकून दे" म्हणालं की मी आधी विचारतो, ड्रायव्हरच बिघडलाय हे कशावरून? आवाजाच्या बऱ्याचशा तक्रारींत ड्रायव्हरचा काही दोष नसतो. आणि जिथे तो खरंच बदलावा लागतो, तिथे लोक चुकीच्या वस्तूचा ड्रायव्हर चुकीच्या जागेवरून आणतात.

पहिली चूक: न तपासता ड्रायव्हरवर खापर फोडणं

टास्कबारवरच्या स्पीकरच्या चिन्हावर क्लिक करा आणि आवाज कुठल्या उपकरणाकडे जातोय ते बघा. ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर अपडेट झाल्यावर किंवा नवा मॉनिटर, टीव्ही जोडल्यावर ही निवड आपोआप बदलू शकते. विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्त्यांत विंडोज, कंट्रोल आणि व्ही या तीन कळा एकदम दाबल्या की आउटपुटची यादीच समोर येते. मग व्हॉल्यूम मिक्सर बघा, एखादंच अ‍ॅप म्यूट असू शकतं. पिन कुठल्या भोकात आहे तेही बघा. मागच्या बाजूला हिरवं स्पीकरचं, गुलाबी माइकचं, निळं लाइन-इनचं. टेबलाखाली अंधारात हात घालून लावलेली पिन निळ्यात गेलेली मी अनेकदा पाहिली आहे.

माइक चालत नसेल तर सेटिंग्जमधल्या प्रायव्हसीत माइक्रोफोनची परवानगी बंद तर नाही ना, हे आधी पाहा. ती बंद असताना कितीही ड्रायव्हर बदलले तरी अ‍ॅपला आवाज मिळणार नाही.

एवढं झाल्यावर डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या उपकरणांची विंडोजमधली यादी, उघडा. ऑडिओ उपकरणाच्या चिन्हावर खाली तोंड केलेला छोटा बाण असेल तर ते नुसतं बंद केलेलं आहे, राइट क्लिक करून चालू करा. पिवळं त्रिकोणी चिन्ह असेल, किंवा 'अदर डिव्हाइसेस'खाली एखादं ऑडिओ उपकरण नुसतंच पडून असेल, तर मात्र ड्रायव्हरचा प्रश्न आहे.

कार्ड कुठलं हेच माहीत नसणं

'साउंड कार्ड' हा शब्द आपण सवयीने वापरतो. १९८९ साली क्रिएटिव्हचं साउंड ब्लास्टर आलं, तेव्हापासून कितीतरी वर्षं ते खरोखरच वेगळं, स्लॉटमध्ये बसवायचं कार्ड होतं. पुढे इंटेलने आधी एसी ९७ आणि २००४ साली एचडी ऑडिओ ही मानकं आणली आणि आवाजाचं काम मदरबोर्डवरच्या, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डावरच्या, एका छोट्या चिपकडे गेलं. आज लॅमिंग्टन रोडवरून असेंबल करून आणलेला डेस्कटॉप घ्या किंवा कंपनीचा तयार घ्या, आत बहुधा रियलटेक या कंपनीची चिप असते: एएलसी८८७, एएलसी८९७, एएलसी१२२० अशा नावांची.

ही ओळख पटवायला दोन मिनिटं लागतात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ऑडिओ उपकरणाच्या प्रॉपर्टीज उघडा, डिटेल्समध्ये जा आणि 'हार्डवेअर आयडीज' निवडा. त्या लांबलचक ओळीत 'व्हीईएन'नंतर चार खुणा असतात. १०ईसी म्हणजे रियलटेक, ८०८६ म्हणजे इंटेल, १०डीई म्हणजे एनव्हिडिया, १००२ म्हणजे एएमडी. पुढे 'डीईव्ही'नंतरच्या चार आकड्यांतून रियलटेकच्या बाबतीत सहसा चिपचा नंबरच कळतो, म्हणजे ०८८७ दिसलं तर एएलसी८८७. यादीत एनव्हिडिया किंवा एएमडीचं नाव असेल तर तो बहुधा एचडीएमआयवाटे मॉनिटरला जाणारा आवाज असतो, तुमच्या हिरव्या भोकातून येणारा नव्हे. हा फरक न कळल्यामुळे तासन्‌तास भलत्याच ड्रायव्हरशी झुंजलेली माणसं मी पाहिली आहेत.

अलीकडच्या महागड्या बोर्डांत आणखी एक गोम आहे. एएलसी४०८० सारखी चिप बोर्डावरच असते, पण आतून यूएसबीने जोडलेली. तिची हार्डवेअर आयडी 'एचडीऑडिओ'ऐवजी 'यूएसबी'ने सुरू होते. तिला रियलटेकचा यूएसबी ऑडिओचा वेगळा ड्रायव्हर लागतो, नेहमीचा एचडी ऑडिओवाला चालत नाही.

मग ड्रायव्हर कुठून आणायचा?

लोक चिपचं नाव कळल्यावर थेट ते नाव शोधतात आणि पहिल्या दुव्यावरून फाइल उतरवतात. चिपचं नाव ओळखीसाठी कामाचं, पण ड्रायव्हर शोधायचा तो मदरबोर्डच्या नावाने. एकच चिप वेगवेगळे बोर्ड बनवणारे आपापल्या पद्धतीने जोडतात: कुठली पिन पुढच्या पॅनेलला, कुठली मागच्या काळ्या भोकाला, ऑप्टिकल आउटपुट दिलंय की नाही. बोर्डच्या कंपनीने दिलेल्या ड्रायव्हरमध्ये त्या जोडणीला जुळणाऱ्या सेटिंग्ज असतात. दुसऱ्या बोर्डचा ड्रायव्हर टाकला की मागून आवाज येतो पण पुढचं हेडफोनचं भोक मेलेलं, किंवा पाच स्पीकरांपैकी दोनच वाजतात, असे प्रकार होतात.

बोर्डचं नाव कळायला कॅबिनेट उघडावं लागत नाही. स्टार्टमध्ये 'एमएसइन्फो३२' (msinfo32) टाइप करा, बेसबोर्ड प्रॉडक्ट या ओळीत ते असतं. काही बोर्डांवर नावाच्या जोडीला रिव्हिजनचा आकडा छापलेला असतो आणि रिव्हिजन बदलली की चिपही बदललेली असू शकते. तेवढ्यासाठी मात्र टॉर्च घेऊन झाकण उघडावं लागतं. डेल, एचपी, लेनोवोचा तयार डेस्कटॉप असेल तर बाजूच्या किंवा मागच्या स्टिकरवरचा सर्व्हिस टॅग किंवा सीरियल नंबर त्यांच्या साइटवर टाका. वेगळं कार्ड बसवलेलं असेल तर त्या कार्डाच्या कंपनीकडे जा.

'ड्रायव्हर अपडेटर', 'ड्रायव्हर पॅक' असल्या फुकट वस्तू मी कुणाच्याही कॉम्प्युटरवर राहू देत नाही. विंडोजची स्वतःची सोय आहे: विंडोज अपडेटमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, त्यात ऑप्शनल अपडेट्स. तिथे दिसलेला ड्रायव्हरही दिसला म्हणून घेऊ नका, त्रास होत असेल तरच घ्या.

नवा म्हणजे चांगला, हा समज

ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज अपडेटमधून इंटेलचा एक ऑडिओ ड्रायव्हर चुकून अशा कॉम्प्युटरांवर गेला ज्यांच्यासाठी तो नव्हताच. विंडोज १० वापरणाऱ्या अनेकांचा आवाज बंद झाला आणि मायक्रोसॉफ्टला तो ड्रायव्हर काढून घेणारं वेगळं अपडेट द्यावं लागलं. ज्यांनी काहीच केलं नव्हतं त्यांचाही आवाज गेला होता, आणि घाबरून आणखी तीन ड्रायव्हर टाकलेल्यांना तर नंतर नेमकं काय काढायचं हेही कळेना.

तारखेलाही फसू नका. विंडोजच्या अनेक मूळ ड्रायव्हरांवर २१ जून २००६ ही तारीख दिसते. ती मुद्दाम जुनी ठेवलेली आहे, म्हणजे उपकरणाच्या कंपनीचा ड्रायव्हर आला की तो आपोआप नवा ठरावा. ती तारीख बघून "अरे बापरे, वीस वर्षं जुना!" म्हणत कुणी नवीन शोधायला निघालं, तर तो शोध उगाचच आहे.

आवाज नीट येतोय, माइक चालतोय, तर साउंडचा ड्रायव्हर बदलण्याचं काही कारण नाही. विंडोज ११ वर गेल्यावर काही बिघडलं, किंवा बोर्डच्या कंपनीने तुमच्याच तक्रारीवरची दुरुस्ती जाहीर केली, तर बदला.

परतीची वाट न ठेवणं

बदल करण्याआधी रिस्टोअर पॉइंट बनवा, म्हणजे बिघडलं तर विंडोजला आधीच्या स्थितीत नेता येतं. सध्याच्या ड्रायव्हरची आवृत्ती कागदावर लिहा. चालणाऱ्या ड्रायव्हरची इन्स्टॉल फाइल पेन ड्राइव्हवर ठेवा, कारण जुन्या बोर्डांची पानं कंपन्या कधी काढून टाकतील ते सांगता येत नाही. मावशीच्या कॅबिनेटला आता मी एक चिठ्ठीच चिकटवली आहे: बोर्डचं नाव, चिपचं नाव, चालणारी आवृत्ती.

बदलल्यावर बिघडलं तर डिव्हाइस मॅनेजरमधल्या 'रोल बॅक ड्रायव्हर'ने मागे जाता येतं. ते बटण फिकट दिसत असेल तर मागची आवृत्ती जपलेली नाही. तेव्हा एक हुकमी उपाय आहे, आणि त्याला इंटरनेटही लागत नाही. 'अपडेट ड्रायव्हर' निवडा, कॉम्प्युटरमध्येच शोधायला सांगा, उपलब्ध यादीतून निवडण्याचा पर्याय घ्या आणि 'हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस' निवडा. हा विंडोजचा साधा ड्रायव्हर. त्यात कंपनीची इक्वलायझरची चकचकीत खिडकी नसेल, पण दोन स्पीकर आणि एक माइक तो निमूटपणे चालवतो. मावशीचा आवाज त्या रात्री यानेच परत आला.

जुना ड्रायव्हर पुरता काढायचा असेल तर अनइन्स्टॉल करताना ड्रायव्हरही काढून टाकण्याच्या चौकटीत टिक करा, आणि मग रीस्टार्ट करा. शट डाउन करून पुन्हा चालू करणं पुरेसं नाही. फास्ट स्टार्टअप चालू असताना शट डाउनमध्ये सिस्टिमची स्थिती डिस्कवर साठवून ठेवली जाते आणि ड्रायव्हर कोरे सुरू होत नाहीत, रीस्टार्टमध्ये होतात.

इथेच आणखी एक गफलत होते. रियलटेकचे ड्रायव्हर दोन पिढ्यांचे आहेत. जुन्याबरोबर 'एचडी ऑडिओ मॅनेजर' यायचा, नारिंगी स्पीकरच्या चिन्हाचा. नव्याचं अ‍ॅप वेगळं असतं, 'रियलटेक ऑडिओ कन्सोल', आणि ते मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून येतं. नवा ड्रायव्हर टाकल्यावर जुनं चिन्ह दिसत नाही म्हणून लोक त्यावरच जुना चढवतात, मग कन्सोल उघडताना आरपीसी सर्व्हिसशी संपर्क होत नाही असा संदेश येत राहतो. एक पिढी निवडा, दुसरी पूर्ण काढा.

ड्रायव्हर बरोबर, तरी आवाज बिघडलेला

पेटी, तानपुरा, तबला शिकवणाऱ्यांनी हा भाग जरा सावकाश वाचावा. "सूर लावला की दोन सेकंदांनी आवाज विरतो" ही तक्रार मी खूप ऐकली आहे. ड्रायव्हरबरोबर आलेलं नॉइज सप्रेशन माणसाचं बोलणं ठेवतं आणि सलग चालणारा आवाज पंख्याची घरघर समजून दाबतं. तानपुऱ्याचा सूर त्याला पंख्यासारखाच वाटतो. साउंड सेटिंग्जमध्ये माइकच्या प्रॉपर्टीज उघडून ऑडिओ एन्हान्समेंट्स बंद करा, रियलटेक कन्सोलमधलंही नॉइज सप्रेशन आणि इको कॅन्सलेशन बंद करा, आणि झूमवर शिकवत असाल तर त्यातलं 'ओरिजिनल साउंड' चालू करा. तिन्ही ठिकाणी करायला हवं, एक जरी राहिलं तरी सूर कापला जातो. शिष्याला गुरूचा षड्ज अखंड ऐकू जाणं ही शिकवणीतली पहिली गरज आहे, म्हणून यावर मी वेळ घालवतो.

आवाजात टिकटिक, चरचर येत असेल तर दोषी साउंडचाच ड्रायव्हर असेल असं नाही. वाय-फाय किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर प्रोसेसरला मध्येच अडवून ठेवतो तेव्हाही असं होतं. लेटन्सीमॉन नावाचा प्रोग्रॅम दहा मिनिटं चालवला की कुठला ड्रायव्हर अडवतोय त्याचा अंदाज येतो.

पुढच्या पॅनेलचं हेडफोनचं भोक ओळखलं जात नसेल तर आतली केबल बघा. जुन्या कॅबिनेटच्या केबलला 'एसी९७' आणि 'एचडी ऑडिओ' अशी दोन टोकं असतात. आजच्या बोर्डवर एचडी ऑडिओचं टोक लावायचं. दुसरं लावलं तर पिन घातल्याचं बोर्डला कळत नाही.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये ऑडिओ उपकरण अजिबातच दिसत नसेल तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डच्या सेटिंग्जमध्ये, जाऊन ऑनबोर्ड ऑडिओ चालू आहे ना ते पाहा, मग बोर्डचा चिपसेट ड्रायव्हर टाका आणि त्यानंतर ऑडिओचा.

एवढं करूनही शांतताच असेल तर चिप मेली आहे की विंडोजचा गोंधळ आहे, हे ठरवायला उबुंटूसारखं लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी दुसरी सिस्टिम, पेन ड्राइव्हवरून नुसतं चालवून बघा, इन्स्टॉल करू नका. लिनक्समध्ये साउंडचे ड्रायव्हर कर्नलबरोबरच, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याबरोबरच, येतात, वेगळं काही उतरवावं लागत नाही. तिथे आवाज आला तर चिप ठणठणीत आहे, विंडोजमध्येच शोधत राहा. तिथेही आला नाही तर बहुधा चिप किंवा तिची जोडणी गेली आहे. बोर्ड बदलायची गरज नाही. काही शे रुपयांत मिळणारं यूएसबी साउंड कार्ड मागच्या यूएसबीत लावा. ते विंडोजच्या स्वतःच्या ड्रायव्हरवर चालतं. बायोसमधून जुनं ऑडिओ बंद करा, म्हणजे विंडोज पुन्हा त्याच्याकडे वळणार नाही.