दगड वेचायला निघताना

दिवाळी आटोपली की बडोद्याहून दगड वेचायला निघायचे दिवस येतात. पावसाळ्यात खड्ड्यांत पाणी असतं आणि होळीनंतर उन्हात उभं राहवत नाही, त्यामुळे मधले हेच चार महिने. यंदा भाचा आणि त्याचे तीन मित्र बरोबर येणार आहेत. "मावशी, काय काय घ्यायचं ते लिहून पाठव ना," असं तो दोनदा म्हणाला. म्हणून लिहायला बसले. लिहिते आहे त्या चौघांसाठी, पण खनिजं गोळा करणाऱ्या कुणालाही उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी दगडावर नंबर. पिशवीवर, पिशवीतल्या चिठ्ठीवर, वहीत, सगळीकडे लिहा, पण दगडाच्या अंगावर नंबर हवाच. आणि तो जागेवरच, दगड उचलल्या उचलल्या. गाडीत बसून लिहू, जेवताना लिहू, घरी गेल्यावर लिहू, यातलं काहीही चालणार नाही.

मागच्या वर्षी तीन फेऱ्या झाल्या: चांदोदला नर्मदेच्या काठी, झगडिया तालुक्यातल्या रतनपूरला आणि छोटा उदेपूरच्या पुढे आंबाडुंगरला. प्रत्येक दगडाला वेगळी पिशवी, प्रत्येक पिशवीत चिठ्ठी, चिठ्ठीवर गाव, तारीख, जागेची खूण. वेळ नव्हता म्हणून तिन्ही फेऱ्यांचे दगड धुवायचे राहिले आणि एका रविवारी सगळे एकदम काढले. मागच्या चौकात मोठ्या टबात पाणी भरलं. चिठ्ठ्या भिजू नयेत म्हणून आधी त्या काढून कट्ट्यावर वाटीखाली ठेवल्या आणि एकतीसच्या एकतीस दगड टबात ओतले. तासाभरानं दगड लख्ख होते, चिठ्ठ्या कोरड्या होत्या, आणि कुठली चिठ्ठी कुठल्या दगडाची हे सांगायला काहीच उरलं नव्हतं. संध्याकाळभर मी एकेक दगड उचलून आठवायचा प्रयत्न करत होते. आठवत नाही. आपल्याला वाटतं की आठवेल.

म्हणून नंबर कसा घालायचा ते नीट सांगते. मेडिकलच्या दुकानात जखमेवर लावायची कापडी चिकटपट्टी मिळते, तिचा अर्ध्या इंचाचा रोल घ्या. घरूनच तिचे बोटाच्या पेराएवढे तुकडे कापून प्लास्टिकच्या फाइलवर चिकटवून न्या, म्हणजे तिथे कात्री शोधावी लागत नाही. दगडाची सगळ्यात साधी बाजू कोरड्या फडक्यानं पुसायची, तुकडा चिकटवायचा आणि पक्क्या शाईच्या मार्करनं लिहायचं. मार्कर दोन घ्या, एक हमखास वाळतो. दगड खरबरीत असेल तर पट्टी चिकटत नाही, तेव्हा लांब पट्टी दगडाभोवती पूर्ण गुंडाळून घ्या. स्फटिकांवर पट्टी लावू नका, खालच्या काळ्या पाषाणावर लावा. गावाचं अक्षर, मग जागेचा क्रमांक, मग दगडाचा क्रमांक: चां-२-७ म्हणजे चांदोद, दुसरी जागा, सातवा दगड. आकडे मात्र इंग्रजीत लिहा, घाईत देवनागरी एक आणि नऊ सारखेच दिसतात. इंग्रजी सहा आणि नऊच्या खाली रेघ ओढा, नाहीतर दगड उलटा धरला की सहाचा नऊ होतो. हाच नंबर वहीत पेन्सिलनं. जेल पेन नको, ओल्या हातानं पुसलं जातं.

नंतर घरी पट्टी काढून पक्का नंबर घालता येतो. नेलपॉलिशचा पारदर्शक थर, त्यावर व्हाइटनरचा ठिपका, त्यावर बारीक काळ्या पेनानं नंबर, वर पुन्हा पारदर्शक थर. पण एका वेळी एकच दगड. त्याची पट्टी काढायची, त्याचा नंबर पूर्ण करायचा, मगच दुसरा हातात घ्यायचा.

एवढा आग्रह का, ते एका दगडावरून सांगते. त्या एकतीसमधला एक अकीक, म्हणजे रेघारेघांचा अगेट, अंगठ्याएवढा आहे. राखाडी, आत केसासारख्या पांढऱ्या रेघा, आणि एका टोकाला पोकळीत खडीसाखर फुटल्यासारखे गारगोटीचे स्फटिक. भिंगाखाली सालीवर नखाच्या टोकानं दाबल्यासारख्या बारीक चंद्रकोरी दिसतात. दगड पाण्यातून गडगडत, एकमेकांवर आपटत आला की अशा खुणा पडतात. मला वाटलं, चला, नदीतला आहे, म्हणजे चांदोदचा. पण रतनपूरचे अकीकही मूळ बेसॉल्टमधून, म्हणजे लाव्हाच्या काळ्या पाषाणातून, काढलेले नसतात. फार पूर्वीच्या नद्यांनी आणून टाकलेल्या गोट्यांच्या थरातून ते खणून काढतात, म्हणजे तेही गडगडत आलेलेच. खुणा दोन्हीकडे सारख्या. फरक सांगू शकली असती ती खाचेत अडकलेली माती, आणि ती मीच ब्रशनं घासून काढली होती. दगड कसला आहे ते शंभर वर्षांनीही तपासून सांगता येतं. कुठला आहे ते फक्त उचलणाऱ्याला ठाऊक असतं, आणि तेही त्या दिवशीच.

एका जांभळ्या तुकड्याचं तेवढं निभावलं. चाकूनं कोपऱ्यावर ओरखडा उठला, म्हणजे तो फ्लोराइट. खनिजांच्या एक ते दहाच्या मोहस् मापावर फ्लोराइटचा कठीणपणा ४ असतो, अ‍ॅमेथिस्टचा, म्हणजे जांभळ्या गारगोटीचा, ७. अ‍ॅमेथिस्टवर चाकू चालत नाही, उलट तोच काचेवर चरा काढतो. तिन्ही ठिकाणांपैकी फ्लोराइट आंबाडुंगरलाच मिळतं, तेव्हा गाव ठरलं. अशा कसोट्या लावून अकरा दगडांची गावं नक्की झाली. उरलेले वीस एका संग्रहालयाला दाखवले. तिथल्या बाईंनी फार आस्थेनं पाहिले आणि म्हणाल्या, "खनिज कोणतं ते आम्ही सांगू. गाव तुम्हीच सांगायला हवं." वीसही परत आणले. 'ठिकाण माहीत नाही' अशी चिठ्ठी लावलेल्या ट्रेमध्ये ते आहेत.

म्हणून जागेची नोंद कशी करायची तेही लिहिते. नुसतं 'चांदोद' पुरत नाही. तिथे ओरसंग नर्मदेला मिळते. ओरसंग छोटा उदेपूरकडून येते आणि तिकडचे ग्रॅनाइटचे आणि गारगोटीचे तुकडे आणते, तर नर्मदा अमरकंटकपासून १३१२ किलोमीटर वाहते आणि वाटेत दख्खनच्या बेसॉल्टमधले अकीक बरोबर घेते. त्यामुळे दगड ओरसंगच्या मुखाच्या वरच्या अंगाला मिळाला की खालच्या, हे लिहिलंच पाहिजे. फोनवर अक्षांश-रेखांश बघून वहीत उतरवा. फोटो काढताना दगड जागेवर असावा, शेजारी नंबर लिहिलेली पट्टी आणि मापाला नाणं. मग तीच पट्टी दगडाला लावायची.

गाव, तालुका, जिल्हा, राज्य, चारही लिहा. जिल्हे बदलतात. आंबाडुंगर २०१३पर्यंत बडोदे जिल्ह्यात होतं, आता छोटा उदेपूर जिल्ह्यात आहे. राजपिपळा १९९७पर्यंत भरूचमध्ये होतं, मग नर्मदा जिल्हा झाला. जुन्या चिठ्ठीवर 'बडोदे' एवढंच दिसलं तर शहर समजायचं, जिल्हा समजायचा की संस्थान? भूगर्भशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांनी बडोदे संस्थानाच्या भूगर्भाचा अभ्यास केला आणि तो १८९८ साली छापला गेला. त्या वेळचं बडोदे म्हणजे अमरेलीपासून नवसारीपर्यंत विखुरलेला मुलूख.

विकत घेताना तर जास्तच जपा. अकीकावर 'खंभात' लिहिलेलं असतं. खंभातला अकीक घासतात, भोकं पाडतात, मणी करतात. खाण तिथे नाही. दगड रतनपूरकडून जातो. तो गडद तांबडा रंगसुद्धा पुष्कळदा भट्टीतला असतो: दगड आधी उन्हात ठेवतात, मग मडक्यात घालून मंद आचेवर तापवतात, आणि आतल्या लोहामुळे तो लाल होतो. यात फसवणूक नाही, हडप्पा काळापासून चालत आलेली कला आहे, पण वहीत 'तापवलेला' असं लिहा. महाराष्ट्रातल्या झिओलाइटच्या (बेसॉल्टच्या पोकळ्यांत वाढणारी खनिजं) जुन्या तुकड्यांवर नुसतं 'पूना' असतं, त्यावरही विसंबू नका. रतनपूरला खणणाऱ्यांकडून थेट घेतलंत तर "आ पथ्थर कई खाणनो?" (हा दगड कुठल्या खाणीतला?) असं विचारा आणि ते सांगतील ते त्यांच्यासमोरच लिहा. विचारलं की ती माणसं आनंदानं सांगतात. आणि तिथल्या तिथे दगडावर नंबर.

आता हत्यारं. सुताराचा हातोडा नको, त्याच्या तोंडाचा कपचा उडतो. दगडासाठीचा हातोडा आणि छिन्नी घ्या. डोळ्यांना गॉगल, आणि तो साधा उन्हाचा नाही, वर्कशॉपमधला. एक जण फोडत असेल तर शेजारच्यानंही घालायचा. यात मी कुणाचं काही ऐकून घेणार नाही. दहापट दाखवणारं भिंग दोरीनं गळ्यात. चाकू, लोहचुंबक, काचेचा तुकडा. बाथरूमच्या टाइलची मागची खरबरीत बाजू, तिच्यावर दगड घासून रेघेचा रंग बघायला: हेमॅटाइट हे लोखंडाचं खनिज तांबडी रेघ देतं, मँगनीजची काळी खनिजं काळी. चुनखडी तपासायला संडास साफ करायचं अ‍ॅसिड कुणीही आणू नका. ड्रॉपरमध्ये व्हिनेगर पुरे. चाकूनं थोडी भुकटी काढून तिच्यावर थेंब टाकला की कॅल्साइटवर, म्हणजे चुनखडीतल्या खनिजावर, बारीक बुडबुडे येतात. बूट, टोपी, पाणी, थेपले हे सांगायला नकोच.

कुठे हात लावायचा नाही ते मात्र ऐका. पावागडावरून काही उचलायचं नाही. चांपानेर-पावागड २००४पासून जागतिक वारसा स्थळ आहे. वर चढा, खाली बेसॉल्ट आणि माथ्यावर रायोलाइट हा दुसऱ्या जातीचा ज्वालामुखी पाषाण, असा फरक डोळ्यांनी बघा, फोटो काढा, रिकाम्या हातानं उतरा. शूलपाणेश्वर आणि जांबुघोडा अभयारण्यांतही तसंच. आंबाडुंगरकडे खाणीचे पट्टे आहेत, तिथे परवानगीशिवाय पाऊल नको. रतनपूरचे खड्डे विहिरीसारखे सरळ खाली जातात आणि आत आडव्या वाटा असतात. कुणी कितीही प्रेमानं बोलावलं तरी आत उतरायचं नाही. वर टेकडीवर बावा गोरचा दर्गा आहे, तिथे आवाज करू नका, हातोडे खालीच ठेवा. चांदोदला पाण्याच्या कडेला पाठ करून बसू नका: वर केवडियाला धरण आहे, पाणी सोडलं की पातळी वाढते, आणि नर्मदेत मगरी आहेत. गरुडेश्वरला टेंब्येस्वामींच्या समाधीचं दर्शन घ्यायचं असेल तर ते सकाळीच उरकू. परतीच्या वाटेवर सगळे थकलेले असतात आणि नंबर घालायचे राहतात ते तेव्हाच.

बांधाबांध. साध्या दगडांना वर्तमानपत्र चालतं, दोन वेढे. झिओलाइट मिळालं तर वेगळी काळजी: स्कोलेसाइट, मेसोलाइट या त्याच्या जातींचे सुईसारखे स्फटिक श्वास लागला तरी हलतात. त्यांना कागद गुंडाळायचाच नाही. डबीत तळाला टिश्यूचं कडं करायचं, त्यात पाषाणाचा भाग घट्ट बसवायचा, सुयांना कशाचाही स्पर्श नको. नंबर पाषाणावर, डबीच्या तळावर आणि झाकणावरही, कारण झाकणं बदलतात. जड दगड पिशवीच्या तळाशी.

घरी आल्यावर दोन दिवस काही धुवायचं नाही. आधी वही, पट्ट्या आणि फोटो तिन्ही जुळवून बघा. मग एकेक दगड, वेगळ्या वाटीत, मऊ ब्रशनं. खाचेतली चिमूटभर माती पुडीत बांधून तिच्यावरही तोच नंबर. सुयांच्या झिओलाइटला पाणी नको, नुसती फुंकणीची हवा. अ‍ॅमेथिस्ट आणि फ्लोराइट उन्हाच्या खिडकीत मांडू नका, रंग उडतो. नोंदवहीची एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा. बाकीचं तेव्हा बघू.

शनिवारी सकाळी सहाला दांडिया बाजारातून निघायचं. चिकटपट्टीचे दोन रोल माझ्याकडे आहेत, तुकडे कापून ठेवलेत, मार्कर चार आहेत. परतताना गाडी सुरू करायच्या आधी प्रत्येकाची पिशवी उघडून मी दगड बघणार आहे, आणि ज्यावर नंबर नसेल तो जिथून उचलला तिथे परत ठेवून यायचा.