मॅन्युफॅक्चर्ड होमला जाळीचं दार आणि नवे नळ – माझा अनुभव

टेक्सासमधलं आमचं मॅन्युफॅक्चर्ड होम, म्हणजे कारखान्यात बनवून जागेवर आणून ठेवलेलं घर, उन्हाळ्यात डास इतके की दार उघडं ठेवायची सोयच नाही. दुकानात मिळणारं जाळीचं दार साधारण 36 बाय 80 इंचाच्या चौकटीसाठी, आमची 34 बाय 76, त्यात मूळ दार बाहेर उघडणारं, मग बाहेरून जाळी लावणार कुठे? म्हणून कॉम्बिनेशन डोअर घेतलं, आतलं दार आत उघडतं नि जाळीचं बाहेर, दोन्ही एकाच फ्रेममध्ये येतात, अशा घराला हेच बेस्ट. रुंदी वर, मधे, खाली मोजा आणि सगळ्यात कमी असेल ती धरा. घर एका बाजूला खचलं असेल तर चौकट तिरकी होते, आधी लेव्हल करून घ्या नाहीतर नवं दारही अडकणार. फ्रेममागे ब्युटाइल टेप (पाणी अडवणारी चिकट रबरी पट्टी) हवाच, पाऊस तिथूनच शिरतो.

नळ बदलताना आधी पाइप बघा. आमच्याकडे राखाडी पॉलिब्युटिलीनचा (एक प्रकारचं प्लास्टिक) पाइप निघाला, 1995 च्या आसपासपर्यंत अमेरिकेत सर्रास वापरायचे, पाण्यातल्या क्लोरीनने ठिसूळ होतो, त्यामुळे जोर लावून पाना फिरवायचाच नाही, मी तेवढा तुकडा कापून पेक्स (लवचिक प्लास्टिकचा पाइप) जोडला. सिंकखाली शटऑफ व्हॉल्व्ह नव्हतेच, तेही बसवले, आता एक नळ गळला म्हणून अख्ख्या घराचं पाणी बंद करावं लागत नाही.