आरजे आणि म्युझिक मॅनेजर: रेडिओवरची दोन्ही कामं कशी शिकावीत

आधी एक घोळ निस्तरू. मराठीत संगीत दिग्दर्शक म्हटलं की चाल बांधणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. रेडिओवरच्या म्युझिक डायरेक्टरचा, म्हणजे आपल्याकडच्या म्युझिक मॅनेजरचा, पेटीशी संबंध नसतो. कोणतं गाणं, किती वाजता, दिवसातून किती वेळा वाजेल हे तो ठरवतो. छोट्या स्टेशनवर हे काम अनेकदा आरजेच्याच गळ्यात पडतं. म्हणून दोन्ही शिकून घ्या.

शिरकाव कुठून

आकाशवाणीची केंद्रं नैमित्तिक उद्घोषकांसाठी अधूनमधून जाहिरात काढतात. लेखी परीक्षा, मग स्वरचाचणी, मग 'वाणी' हे आकाशवाणीचं उद्घोषणेचं प्रशिक्षण असा क्रम असतो. ड्यूट्या महिन्याला मोजक्याच मिळतात, त्यामुळे पोट त्यावर चालत नाही. पण क्यू शीट (कार्यक्रमांचा क्रम आणि वेळा लिहिलेला कागद) वाचणं, लॉगबुक (काय, कधी वाजलं याची नोंदवही) भरणं, ठरल्या सेकंदाला दुसऱ्या केंद्राचा कार्यक्रम आपल्याकडून सहक्षेपित करणं ही शिस्त तिथे लागते ती कायमची. वय तिशीच्या आत असेल तर आकाशवाणीच्या तरुणांसाठीच्या 'युववाणी' कार्यक्रमासाठी विचारून बघा.

दुसरी वाट कम्युनिटी रेडिओची: पुणे विद्यापीठाची विद्यावाणी, म्हसवडचं माणदेशी तरंग. ट्रान्समीटर छोटा, ऐकू येतो तो आसपासच्या पट्ट्यात. पण रेकॉर्डिंग, एडिटिंग, गाण्यांची यादी, फोन घेणं सगळं एकट्याने करावं लागतं, आणि तेच तर शिकायचंय. सहा महिने असं काम करून मग खासगी एफएमकडे जा. महागड्या आरजे कोर्सने आवाज 'घडतो' ही समजूत सोडून दिलेली बरी.

डेमो

डेमो म्हणजे स्टेशनला पाठवायचा आवाजाचा नमुना. तीन मिनिटं, जास्त नको. साधारण चाळीस सेकंदांच्या चार लिंक (लिंक म्हणजे दोन गाण्यांच्या मधलं आरजेचं बोलणं) आणि मध्ये गाण्याचे पाच-पाच सेकंदांचे तुकडे. सर्वांत चांगली लिंक पहिली, कारण बरेचदा तेवढीच ऐकली जाते. शेरोशायरी, ओढूनताणून जड केलेला आवाज आणि दुसऱ्या आरजेची नक्कल ही तीन कारणं डेमो नाकारायला पुरतात.

घरी रेकॉर्ड करताना पंखा बंद, दारं बंद, समोर कपड्यांचं उघडं कपाट किंवा गादी. माईक तोंडापासून वीतभर, किंचित बाजूला. समोर धरला की प, फ, ब, भ यांचे फटके बसतात. रेकॉर्डिंगच्या मीटरवर आवाजाचं शिखर उणे 6 डेसिबलच्या आसपास ठेवा. शून्याला टेकलेला आवाज फाटतो, तो नंतर नीट होत नाही.

लिंक लिहिणं

एका लिंकमध्ये एकच गोष्ट. सेकंदाला दोन शब्द हा हिशेब धरला तर 45 सेकंदांत 90 शब्द बसतात. शेवटचं वाक्य आधी लिहा, कारण तिथून गाण्यात शिरायचं असतं. गाण्याचा सुरुवातीचा वाद्यमेळ 14 सेकंदांचा असेल तर शेवटचे दोन सेकंद सोडून त्यावर जास्तीत जास्त 24 शब्द. गायकाच्या पहिल्या शब्दावर आरजेचा शब्द आदळला की ऐकणाऱ्याला खडा लागल्यासारखं होतं. म्हणून दोन सेकंद आधीच थांबावं. 'मित्रांनो' म्हणून सभेला संबोधू नका. ऐकणारा रिक्षात किंवा ओट्यापाशी एकटा असतो.

उच्चारांसाठी स्वतःचं रेकॉर्डिंग रोज ऐका. 'चार' आणि 'चारा' यांतला च वेगळा, जगण्यातला ज आणि जगातला ज वेगळा. ळ चा ल आणि ण चा न करणारे स्वरचाचणीत लगेच कळतात. बोलीचा हेल मात्र पुसून टाकू नका. कोल्हापूरच्या किंवा नागपूरच्या स्टेशनवर तोच आपलेपणा असतो.

खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, फक्त आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं. वाहतूक, हवामान, पाणीकपात, परीक्षांचे निकाल चालतात. नवा आरजे जोशात राजकीय बातमीवर टिप्पणी करतो आणि नोटीस स्टेशनला येते.

तासाचं घड्याळ

खासगी स्टेशनचा तास साधारण असा भरतो: चार मिनिटांची दहा गाणी म्हणजे 40 मिनिटं, जाहिराती 12, दीड मिनिटाच्या चार लिंक म्हणजे 6, उरलेली 2 मिनिटं जिंगल आणि प्रोमोला. हे गोल घड्याळ कागदावर काढा आणि गाण्याच्या प्रत्येक जागेला वर्ग द्या: नवं, वर्षभरातलं, जुनं. तास सुरू होताना आणि जाहिराती संपल्या संपल्या सगळ्यांच्या ओळखीचंच गाणं हवं. अनोळखी गाणं दोन ओळखीच्या गाण्यांच्या मध्ये दडवायचं.

आता खरी मेख. नव्या गाण्यांना तासात 3 जागा असतील तर 24 तासांत 72 होतात. त्या वर्गात 8 गाणी ठेवली तर 72 ला 8 ने पूर्ण भाग जातो आणि प्रत्येक गाणं रोज त्याच वेळी परत येतं. सकाळी नऊला ऑफिसला निघणाऱ्याला आठवडाभर तेच गाणं! 7 गाणी ठेवा. गाणं 2 तास 20 मिनिटांनी फिरतं आणि रोज जागा बदलतं. हा भागाकार न केल्यामुळेच 'तुमच्याकडे तीच तीच गाणी' ही तक्रार येते. गाणी वाढवून ती जातेच असं नाही. 9 केलीत तरी 72 ला भाग जातोच.

प्रत्येक गाण्याची नोंद वहीत किंवा एक्सेलमध्ये करा: चित्रपट, गायक, गीतकार, संगीतकार, साल, लय, भाव, सुरुवातीच्या वाद्यमेळाचे सेकंद, शेवट तुटक की विरत जाणारा. स्टेशनवर गाण्यांची यादी लावणारं सिलेक्टर किंवा म्युझिकमास्टरसारखं सॉफ्टवेअर याच माहितीवर चालतं. नोंद चुकली की यादी चुकते. एका गायकाची दोन गाणी एका तासात नकोत, संथ गाण्यामागे संथ नको, असे नियम त्यात घाला. पण नियम फार झाले की सॉफ्टवेअरला बसणारं गाणंच सापडत नाही आणि जागा रिकाम्या राहतात. पाच-सहा नियमांवर थांबा.

दुसऱ्या दिवसासाठी तयार झालेली यादी स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचीच. ऑक्टोबर उजाडला तरी पावसाची गाणी, अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीच्या वेळी विरहगीत, दुःखद बातमीपत्रानंतर लगेच धांगडधिंगा: हे सॉफ्टवेअरला कळत नाही. स्वतःची आवड मात्र यादीत घुसवू नका. तुम्हाला गाण्याचा कंटाळा येतो तेव्हा कुठे ऐकणाऱ्याच्या ते ओठांवर बसायला लागलेलं असतं.

करार

सही करण्याआधी तीन कलमं वाचा: बाहेर निवेदन किंवा डबिंग करायची मुभा आहे का, सोडल्यावर किती महिने दुसऱ्या स्टेशनवर जाता येणार नाही, आणि तुमचा रेकॉर्ड केलेला आवाज, अगदी संगणकावर तयार केलेली त्याची नक्कलही, नंतर कोण वापरू शकतं. दोन्ही कामं तुमच्याकडे असतील तर दोन्ही पदांची नावं करारात लिहून घ्या. पुढची नोकरी मागताना म्युझिक मॅनेजरचा अनुभव कागदावर दाखवावा लागतो.