फ्रेंचमध्ये पत्ता विचारताय? या चुका टाळा

‘ऊ स त्रूव्ह ला गार?’ म्हणजे स्टेशन कुठे आहे, हे वाक्य कुणीही पाच मिनिटांत पाठ करतो. समोरचा त्यावर काय बोलेल याची तयारी मात्र कुणी करत नाही. फ्रेंच शिकवताना मी हे प्रत्येक तुकडीत पाहते आणि मला त्याचा मनापासून त्रास होतो. प्रश्न विचारता आला म्हणजे ठिकाण सापडलं असं नाही.

सगळ्यात महागात पडते ती ‘तू द्र्वा’ आणि ‘आ द्र्वात’ यांतली गफलत. पहिलं म्हणजे सरळ, दुसरं म्हणजे उजवीकडे. ‘सरळ’मध्ये शेवटी ‘त’ लिहितात, पण उच्चारत नाहीत. ‘उजवीकडे’मध्ये तो स्पष्ट वाजतो. माझी एक विद्यार्थिनी लिऑनला शिकायला गेली. राहण्याच्या परवान्यासाठी तिला सकाळची वेळ मिळाली होती. वाटेत एका आजींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, “तू द्र्वा, तू द्र्वा.” हिला ‘द्र्वा’ तेवढं ऐकू आलं आणि ती उजवीकडे वळली. चूक कळून परत येईपर्यंत वेळ टळली होती आणि पुढची तारीख थेट पुढच्या महिन्यातली मिळाली. मुलगी हुशार, लेखी परीक्षेत नेहमी पुढे. पण हे शब्द तिने डोळ्यांनी शिकले होते, कानांनी नाही. आता मी वर्गात डोळे मिटायला लावते, शब्द म्हणते आणि हाताने दिशा दाखवायला सांगते. रस्त्यावरही तेच करा: ऐकलेलं पुन्हा म्हणा, हात दाखवत. चुकलात तर सांगणारा लगेच दुरुस्त करतो.

दुसरा घोळ ‘समोर’चा. थिएटरच्या दाराशी भेटायचं असेल तर ‘दव्हाँ ल सिनेमा’. रस्त्यापलीकडच्या, थिएटरकडे तोंड असलेल्या कॅफेत भेटायचं असेल तर ‘आँ फास द्यू सिनेमा’. मराठीत आपण दोन्हीला समोरच म्हणतो, म्हणून दोघं दोन बाजूंना उभे राहून एकमेकांना फोन करत बसतात.

तिसरी चूक ‘द’ गाळण्याची. ‘प्रे ला गार’ नव्हे, ‘प्रे द ला गार’. आपण ‘स्टेशनच्या जवळ’ म्हणतो ना, त्यातल्या ‘च्या’चं काम इथे ‘द’ करतो. पुढे ‘ल’ (पुल्लिंगी नामाआधी येणारा शब्द) आला की दोन्ही मिळून ‘द्यू’ होतं: ‘आ कोते द्यू म्युझे’, म्युझियमच्या शेजारी. ‘दव्हाँ’ आणि ‘देरियेर’ (मागे) यांना ‘द’ लागत नाही. याचे तक्ते पाठ करू नका. आपल्याच गल्लीतल्या दुकानांवर रोज मोठ्याने वाक्यं करा. मोबाइलवर पर्याय दाबून हे तोंडात बसत नाही. मी तरी अजून बसलेलं पाहिलं नाही.

‘ओ दस्यू’ म्हणजे वर, ‘ओ दसू’ म्हणजे खाली. पहिल्यातला स्वर मराठीत नाही: ओठ ‘ऊ’चे, जीभ ‘ई’ची. आरशासमोर करा.

‘-ला’ किंवा ‘-मध्ये’ म्हणायचं तर शहराला ‘आ’: आ पारी, आ पोंदिशेरी. स्त्रीलिंगी देशाला ‘आँ’ (आँ फ्राँस), पुल्लिंगी देशाला ‘ओ’ (ओ कानादा). मात्र पुल्लिंगी देशाचं नाव स्वराने सुरू होत असेल तर पुन्हा ‘आँ’, जसं इराणला. मॉरिशसला नातेवाईक असतील तर ‘आ मोरीस’.

डॉक्टरकडे जाताना ‘आ’ नको, ‘शे’ म्हणा: ‘शे ल मेद्सँ’.

‘गार’ रेल्वेचं. मेट्रोचं ‘स्तासियों’, बसथांब्याला ‘आरे’. आणि ‘गार द लिओं’, म्हणजे ‘लिऑनचं स्टेशन’, हे पॅरिसमध्ये आहे. लिऑनला उतरायचं असेल तर तिकिटावर पार-दियू किंवा पेराश ही नावं शोधा.

शेवटची चूक व्याकरणाची नाही, पण तीच मी आधी सुधारायला लावते: ‘बोंझूर’ न म्हणता थेट ‘ऊ स त्रूव्ह’ विचारणं. फ्रान्समध्ये ते उद्धटपणाचं समजतात. ‘बोंझूर’ म्हणा, क्षणभर थांबा, त्यांचं ‘बोंझूर’ येऊ द्या, मग विचारा. घाईत असलात तरीही.